टायरांचं पुढे काय झालं, हे तिला विचारू का?

पत्राचा गोषवारा: फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र आहे. पर्वरीला नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांच्या फोनवर मराठी ब्लॉग वाचायची सोय करून दिली. ‘मावशी, पेपरात येत नाही ते खरं खरं इथे मिळतं, संपादकाची कात्री नाही,’ असं त्याचं म्हणणं. दिवाळी अंकातल्या ललित लेखांसारखं काहीतरी रोज, फुकट आणि घरबसल्या मिळेल, अशी बाईंची अपेक्षा होती. पाहतात तर निम्मे ब्लॉग कधीच बंद पडलेले, शुद्धलेखनाचा आनंद, आणि खतखत्याची कृती शोधावी तर आधी पानभर आजीची आठवण. हा नाद सोडायच्या बेतात असताना त्यांना खाणपट्ट्यातल्या एका बाईचा ब्लॉग सापडला. नाव नाही, फोटो नाही. घरात नवरा, सासू, दोन मुलं आणि खनिज वाहणारा एक टिप्पर. नोंदी २००९ पासून २०१३ पर्यंतच्या. शेवटची नोंद जून २०१३ ची, तिचं शेवटचं वाक्य ‘उद्या टायरांचं बघायचं आहे.’ पुढे काही नाही. बाईंच्या डोक्यातून ते टायर जात नाहीत. तपशिलांची सांगड घालून ही कोण असावी याचा त्यांनी अंदाज बांधला आहे. ती लांबच्या नात्यातली निघते आणि यंदाच्या जत्रेला भेटण्यासारखी आहे. एक नोंद त्यांनी निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकली. त्या विचारतात: ब्लॉग वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे का? आणि तिला गाठून पुढचं विचारू का?

बाई,

शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते. तुमच्या पत्रातलं गावाचं नाव, देवळाचं नाव, ट्रकचा रंग आणि नात्याची उकल करणारा तो सबंध परिच्छेद मी काढून टाकला आहे. गोव्यात एवढं सांगितलं की उरलेलं कुणीही सांगतं. तुम्ही स्वतः दोनचार खुणांवरून तिच्या माहेरापर्यंत पोचलात ना! त्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण तुम्ही पहिला विचारलेला प्रश्न पहिला घेते.

तुम्ही लिहिता, ‘माझी फसगत झाली.’ कुणी केली? भाच्याने थोडी केली हे खरं. नव्या गोष्टीचं कौतुक सांगताना मुलं जरा चढवूनच सांगतात. पण ज्यांचे ब्लॉग तुम्ही उघडलेत, त्यांनी तुम्हाला काय कबूल केलं होतं? मला तरी काही आठवत नाही. अपेक्षा तुम्ही घरून नेली होती. तीही वावगी नव्हती, फक्त दुसऱ्या ठिकाणची होती.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला एक सवय लागली आहे. लेख म्हणजे कुणीतरी मागवलेला, कुणीतरी तपासलेला, पानात बसवलेला आणि शेवटाला नेलेला मजकूर. संपादकाने परत पाठवलेले लेख आपल्याला कधी दिसत नाहीत. दहा लेखांतला एक आपल्या हाती येतो आणि आपण म्हणतो, काय सुंदर लिहितात हे लोक! ब्लॉगमध्ये छापून आलेलं आणि साभार परत गेलेलं एकाच गठ्ठ्यात बांधून तुमच्या दारात ठेवलेलं असतं. निवड करायचं काम संपादकाकडून वाचकाकडे आलं, आणि ते काम तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

ही मंडळी लिहायला कशी लागली तेही पाहा. १९९९ मध्ये ब्लॉगर नावाची फुकट सेवा सुरू झाली, २००३ मध्ये ती गूगलने घेतली. युनिकोडमुळे देवनागरी टंकन सोपं झालं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी ब्लॉगांचं पीक आलं. परदेशातले इंजिनियर, बँकेतले कारकून, दुपारी दोन तास मोकळ्या मिळणाऱ्या गृहिणी. यांतल्या बहुतेकांना लेखक व्हायचं नव्हतं. त्यांना लिहायचं होतं. तुम्ही त्यांच्या वह्या तपासायला बसलात, निबंध समजून. आरंभ, मध्य, शेवट, सुवाच्य अक्षर! तीस वर्षांची सवय आहे, लगेच जाणार नाही. पण निदान लाल पेन खाली ठेवा.

‘निम्मे ब्लॉग मेलेले’ ही तुमची तक्रार खरी आहे. त्यालाही कारणं आहेत. आपल्याला आवडणारे ब्लॉग एकाच ठिकाणी वाचता यावेत यासाठी गूगल रीडर होता, तो १ जुलै २०१३ ला बंद झाला. वाचक पांगले. त्याच सुमाराला माणसं फेसबुककडे वळत होती, मग व्हॉट्सॲप आलं. जे सविस्तर लिहीत होते ते चार ओळींत भागवू लागले. लिहिणं थांबलं म्हणजे लिहिणाऱ्यावर काही संकट कोसळलं असं नव्हे. मुलगा दहावीला गेला, संगणक बिघडला, परवलीचा शब्द विसरला, कंटाळा आला. तुम्ही थेट वाईटच कल्पना केलीत, कारण तुम्हाला गोष्टीचा शेवट हवा होता आणि वाईट शेवट पटकन सुचतो.

आता त्या बाईच्या ब्लॉगकडे येते. तुम्ही पाठवलेला दुवा मी उघडला आणि पहिल्या नोंदीपासून वाचला. तुम्ही शेवटच्या नोंदीपासून वाचलात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथे झाला.

ब्लॉग उघडला की सगळ्यात नवी नोंद वर असते. त्यामुळे तुम्ही आधी टायर वाचलेत, मग मे महिन्यातली ताडपत्री, मग हिवाळा आणि शेवटी ऑगस्ट २०१२. त्या ऑगस्टमध्ये तिने ट्रक रंगवून घेतला होता. मागच्या फळीवर देवीचं नाव नव्याने घातलं. पेंटरने एक वेलांटी वाकडी काढली म्हणून त्याची आणि तिच्या नवऱ्याची जुंपली. रंगासाठी उचललेले पैसे नाताळपर्यंत फिटतील, असा हिशेब तिने मांडला आहे. तुम्ही पत्रात लिहिता, ‘इतकी कशी भाबडी! पुढचं काहीच कसं दिसत नव्हतं हिला?’

बाई, पुढचं तुम्हाला दिसत होतं, कारण तुम्ही पुढून मागे येत होता.

त्या दिवसांच्या तारखा शेजारी ठेवून वाचा. खाणी पावसात थांबतात आणि गणपतीची चवथ झाली की हंगामाची गडबड सुरू होते, ही दर वर्षाची रीत. ऑगस्टमध्ये ट्रक रंगवणारी ती एकटी नव्हती. ७ सप्टेंबर २०१२ ला बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. १० तारखेला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं. चवथ होती १९ तारखेला. पुढे ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही खनिज काढणं आणि वाहून नेणं थांबवलं. या सगळ्यात तिची एकच नोंद आहे, चवथीच्या दोन दिवस आधीची, आणि ती गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीवर आहे. सुपारीचे घोस केवढ्याला, तोरिंगं यंदा लहान, आंबाडे दिराने रानातून आणले, कांगलां बाजारात घ्यावी लागली याचं सासूला वाईट वाटलं. खाणींबद्दल चकार शब्द नाही.

छापील लेखात हे असं आलं नसतं. तिथे लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. मग तो माटोळीच्या वर्णनात एखादा काळा ढग आणून ठेवतो, सासूच्या तोंडी सूचक वाक्य घालतो. इथे तसलं काही नाही, कारण ती त्या दिवशी तिथेच उभी होती आणि पुढचा महिना तिला माहीत नव्हता. की माहीत होता आणि म्हणूनच ती माटोळीबद्दल लिहीत बसली? मी त्या नोंदीवर बराच वेळ थांबले, माझं काही ठरेना. एखाद्या पानावर इतकं थांबायला लावणारं ललित अलीकडे माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. तुम्ही मात्र पत्रात त्या नोंदीला ‘नेहमीचं चवथीचं वर्णन’ म्हणून एका ओळीत उरकलंय.

मग मे २०१३. ट्रक अंगणात उभा, त्याची ताडपत्री काढून तिच्यावर सोलं वाळत घातली आहेत. पुरुमेंताची तयारी चालली आहे आणि ती लिहिते, ‘एवढी मोठी ताडपत्री असल्यावर सोलं एकावर एक येत नाहीत, छान सुटी वाळतात. खनिजाचा वास मात्र धुऊनही जात नाही.’ ही नोंद तुम्हाला आवडली. आवडली म्हणूनच गटावर टाकलीत. पण ऑगस्टमधली वेलांटी आधी वाचून मग ही वाचलीत तर ती वेगळी लागेल. एकदा तसं करून पाहा.

तेव्हा तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी पहिली सूचना: जुना ब्लॉग वाचायला घेतलात तर त्याच्या बाजूला किंवा तळाशी वर्ष-महिन्यांची यादी असते, तिथे सगळ्यात जुना महिना उघडा. फोनवर ती यादी बऱ्याचदा लपलेली असते. फोनच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’ असा पर्याय आहे, तो लावला की दिसते. एका बैठकीला एखादा महिना वाचा. ज्याने चार वर्षांत लिहिलं ते चार दिवसांत संपवलं की सगळे सण एकावर एक आदळतात, लिहिणारा तेच तेच सांगतो असं वाटायला लागतं. ‘फार पुनरुक्ती’ हा तुमचा शेरा असाच आला असावा. तिने दर जूनला छपरावर लिहिलं, कारण दर जूनला छप्पर गळत होतं.

मधल्या रिकाम्या जागाही वाचा. जानेवारी ते मार्च २०१३ एकही नोंद नाही. तुम्ही त्याला आळस म्हटलंय.

आता भाच्याचं ते वाक्य, संपादकाची कात्री नाही म्हणून खरं. याला मात्र मी मान डोलावणार नाही. कात्री तिच्याही हातात होतीच. नवऱ्याच्या पिण्याचा उल्लेख चार वर्षांत एकदा येतो आणि पुन्हा कधी येत नाही. ब्लॉगवरची नोंद केव्हाही बदलता येते, पुसता येते, तिची तारीखसुद्धा मागे नेता येते, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागेलच असं नाही. शिवाय ती नाव लपवून लिहिते आहे, म्हणजे कुणी वाचलं तर काय याचं भान तिला पहिल्या दिवसापासून आहे. संपादक नसल्याने मजकूर कच्चा राहतो एवढंच. खरेपणा त्यातून आपोआप येत नाही. एका घरातली एक बाजू, इतकंच समजून वाचा. सासूने ब्लॉग लिहिला असता तर वेगळा झाला असता.

पण कात्री नसल्याचा एक फायदा तुमच्या नजरेतून सुटला. पुण्या-मुंबईच्या संपादकाने ‘सोलं’चं ‘कोकम’ केलं असतं, ‘पुरुमेंत’ काढून ‘पावसाळ्याची बेगमी’ घातली असती, आणि कंसात ‘गोव्यातील एक प्रथा’ असंही लिहिलं असतं. तिच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजताना तुम्हीच पत्रात लिहून गेलात, ‘पण बोलते अगदी आमच्यासारखी.’ मग झालं तर!

पाककृतींचं थोडक्यात सांगते, कारण तो वेगळाच बाजार आहे. तिथे आजीची आठवण लांबते ती पुष्कळदा जाहिरातींसाठी. मजकूर जितका लांब तितक्या जाहिराती मध्ये बसतात, आणि गूगलच्या शोधात वर येण्यासाठीही लांबण लावायची पद्धत पडली आहे. बऱ्याच ठिकाणी वरच थेट कृतीकडे नेणारं बटण असतं, ते दाबायचं आणि आजीला नमस्कार करून पुढे जायचं. खतखत्यासाठी मात्र फोन कशाला, बाई? तुमच्या शेजारणीला विचारा.

वेळेच्या अपव्ययाबद्दल. तुम्ही लिहिता की पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं सभासदत्व पडून आहे आणि तुम्ही फोनवर टायर शोधत बसता, याची लाज वाटते. या दोहोंत वैर आहे असं कुणी सांगितलं? कृष्णदास शामांच्या नावाचं ते ग्रंथालय १८३२ पासूनचं, जुनी वर्तमानपत्रं तिथे जपलेली असतात. पणजीला जाल तेव्हा सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१२ च्या मराठी दैनिकांच्या फाइली मागून घ्या. किती ट्रक, किती बार्जेस, किती टन, कुणाचं काय निवेदन, सगळं सापडेल. मग घरी येऊन माटोळीची नोंद पुन्हा वाचा. फाइलीत तिचं अंगण नाही आणि तिच्या ब्लॉगमध्ये टनांचे आकडे नाहीत. दोन्ही वाचणारी तुमच्यासारखी माणसं आपल्याकडे किती असतील? मी याला अपव्यय म्हणणार नाही. रात्री एक वाजेपर्यंत अंथरुणात फोन धरून वाचण्याला म्हणेन, पण ते डोळ्यांच्या डॉक्टरचं काम.

बंद पडलेल्या ब्लॉगवर रोज चक्कर मारून काही नवं आलं का पाहण्याची गरज नाही. भाच्याला फीडली किंवा तसलं एखादं ॲप बसवून द्यायला सांगा. त्यात ब्लॉगचा पत्ता घातला की नवी नोंद आली तरच ती पुढे येते. आणि हा ब्लॉग हरवू नये असं वाटत असेल तर एकेक नोंद पीडीएफ करून तुमच्याजवळ ठेवा. फोनच्या छपाईच्या पर्यायात ते होतं. स्वतःचा पत्ता विकत घेऊन चालवलेल्या ब्लॉगांचं नूतनीकरण राहिलं की तो पत्ता दुसराच कुणी उचलतो आणि कवितांच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात. मांडवीवरच्या कसिनोंनी आपली नजर मेली आहे, तरी आवडत्या कवितेच्या पानावर रमी खेळायचं आमंत्रण आलं की टोचतं.

पण त्या पीडीएफ तुमच्याजवळच राहू द्यात. इथून पुढे मी जरा कडक बोलणार आहे.

ती नोंद व्हॉट्सॲप गटावर टाकायला नको होती. तुमचा हेतू चांगला होता, कबूल. ‘सगळ्यांसाठी खुलंच आहे की’ हेही खरं. पण २०११ मध्ये एका अनोळखी वाचकासाठी खुलं असणं निराळं आणि तिच्याच तालुक्यातल्या निवृत्त शिक्षिकांच्या गटावर येणं निराळं. त्या गटात तिच्या मुलांना शिकवलेली एखादी बाई असेल. सासूचं, दिराचं, पिण्याचं वाचून कुणीतरी ‘अगं, ही तर अमक्याची सून’ असं म्हणेल. तुमच्याच बहिणीला तीनचार नोंदी वाचून संशय आला, हे तुम्हीच लिहिलंत. पुढे ते त्या घरात कसं पोचेल आणि तिथे त्याचं काय होईल, याचा अंदाज ना तुम्हाला ना मला. गटावरचा तो संदेश अजून पुसता येत असेल तर पुसा. वेळ टळून गेली असेल तर त्यावर पुन्हा काही लिहू नका. विषय उगाळला नाही की गट दोन दिवसांत शुभ सकाळवर परत जातो.

आणि जत्रा. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. जत्रेला तिला गाठून विचारायचं, ‘तूच ना ती?’ किंवा ब्लॉगवर संपर्काची सोय आहे तिथून लिहायचं. किंवा काहीच करायचं नाही.

पहिली वाट माझ्या मते बंद करा. तुम्ही प्रेमाने विचाराल, यात मला शंका नाही. पण तिच्या बाजूने पाहा. देवळाच्या आवारात, हातात ओटीचं तबक, बाजूला सासू किंवा जाऊ, आणि एक लांबच्या नात्यातली वडीलधारी बाई येऊन म्हणते, तुझ्या ट्रकच्या टायरांचं पुढे काय झालं गं? जी गोष्ट तिने कुणालाही न सांगता लिहिली, ती आपल्याच माणसांना ठाऊक आहे हे तिला त्या क्षणी कळेल. ती ‘कसले टायर?’ म्हणेल. तुम्ही ओशाळाल. आणि ती घरी जाऊन सगळा ब्लॉग पुसून टाकेल, हेही अगदी शक्य आहे. शिवाय तुमचा अंदाज चुकलेला असला तर? खाणपट्ट्यात अंगणात उभ्या ट्रकांची त्या वर्षी काय वाण होती?

मला इथे तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्हाला खरंच टायरांचं जाणून घ्यायचं आहे का? कारण पट्ट्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २१ एप्रिल २०१४ ला न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, खाणी हळूहळू सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबलं. टायर घातले असतील तर ते ट्रकसकट पुन्हा उभे राहिले असतील. ट्रक विकला असेल तर निदान दुसरा धक्का चुकला असेल. ‘उद्या’चं उत्तर तिच्याकडेही एका वाक्यात असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला उत्तराइतकीच तिची सोबत हवी आहे, असं पत्र वाचून मला वाटलं. ‘संध्याकाळी दिवा लावून झाला की मी तिच्याकडे जाते,’ असं वाक्य तुम्ही लिहिलंय. यजमान गेल्यापासूनच्या संध्याकाळींबद्दल मात्र तुम्ही अर्ध्याच ओळीत लिहिलंत. ती अर्धी ओळ मी दोनदा वाचली.

यात चुकीचं काही नाही. पण जी बाई २०१३ मध्ये लिहायची थांबली, ती आता बारा-तेरा वर्षांनी मोठी आहे, तिची मुलं मिळवती झाली असतील. तुमच्या ओळखीची आहे ती तेव्हाची. जत्रेत भेटेल ती कुणी दुसरीच. तिच्याशी नव्याने ओळख करायची असेल तर इतर कुठल्याही नातलगाशी करतो तशी करा. मुलं काय करतात, सोलं यंदा मिळाली का, कधी फोंड्याला आलीस तर ये. ब्लॉगचं नाव काढू नका. तिने काढलं तर गोष्ट वेगळी.

दुसरी वाट मला बरी वाटते. ब्लॉगवर संपर्काचा जो पत्ता दिला आहे तिथे एक छोटं पत्र लिहा. ती ते कधी उघडेल, उघडेल की नाही, हे तिच्यावर सोडा. त्यात आपण कोण, कुठल्या, काय नातं लागतं हे येऊ देऊ नका. तुम्ही तिला ओळखलंत याचा वास येईल असं तर काहीच नको. टायरांचं विचारू नका. कसं लिहावं हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण सुरुवात अडली तर असं काहीतरी:

‘तुमचा ब्लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चवथीच्या माटोळीची नोंद आणि ताडपत्रीवरची सोलं विशेष आवडली. मी फोनवर उशिरा वाचायला शिकले, म्हणून इतक्या वर्षांनी लिहिते आहे. उत्तराची घाई नाही आणि सक्तीही नाही. एक वाचक.’

‘विशेष’मधला पोटफोड्या ष ती चुकीचा लिहायची, तुम्ही बरोबर लिहा, पण त्याबद्दल काही बोलू नका.

पत्र पाठवण्याआधी ब्लॉग जुन्या महिन्यापासून वाचून काढा, म्हणजे पहिलं वाक्य खरं होईल. आणि कधी काळी तिचं उत्तर आलं, तर त्यात काय होतं ते या सदराला कळवू नका. भाच्यालाही नको.